संशयाशी वाद न घालता

सदरकडून मानकापूरकडे निघालं की पागलखाना चौक लागतो. नाव अपमानास्पद आहे हे सगळ्यांना कळतं, तरी ऑटोवाल्याला तेच सांगावं लागतं. चौकाला हे नाव ज्याच्यामुळे पडलं ते प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं. मध्य प्रांताची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीच्या जोडीनं राज्यातल्या चार जुन्या सरकारी मनोरुग्णालयांत याची गणना होते. खाटा ९४०. विदर्भातल्या एखाद्या गावात कुणाबद्दल ‘नागपूरला नेलं त्याला’ असं आवाज खाली आणून सांगितलं जातं, तेव्हा पुढचं कुणी विचारत नाही.

याच आवारात कामठीचे सूफी संत ताजुद्दीन बाबा १८९२ पासून सोळाएक वर्षं बंदिस्त होते. पुढे राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात नेलं. १९२५ साली बाबा गेले आणि त्यांच्या दर्ग्याची ताजबाग उभी राहिली. त्यामुळे नागपुरात एक विलक्षण देवाणघेवाण चालते. बाबांचे भाविक वेड्यांच्या इस्पितळातल्या त्यांच्या जागेला पाक मानतात, आणि ज्याच्या डोक्यात संशयाचं काहूर उठलंय त्याला त्याच्या घरचे इस्पितळाआधी ताजबागेत नेतात. बाबांना आजार होता की नव्हता हे उकरून काढण्यात मला रस नाही. दर्ग्यावर जाणाऱ्या कुटुंबाला हसण्यातही नाही. नवस आणि गोळी एका घरात सुखानं नांदू शकतात. नवसापायी गोळी बंद झाली किंवा भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधून मारलं, तर मात्र गोष्ट वेगळी. २०१३ पासून राज्याच्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशी मारहाण गुन्हा आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळाले, ही आठवण फार जुनी झालेली नाही.

ओपीडी सकाळी असते, मांत्रिक अमावस्येला भेटतो. संशय रात्री दोनला चढतो. घरातला पोरगा उठून खिडक्या लावतो, वायफायची वायर उपटतो आणि म्हणतो, ‘ते माह्याबद्दलच बोलून राह्यले, तुले ऐकू नाही येत काय?’ डॉक्टर उद्याचा, औषधाचा परिणाम आठवड्यांचा. मधल्या या तासाभरात आईनं काय करायचं, आणि त्या पोरानं स्वतःचं काय करायचं? मानसोपचारात यासाठी ग्राउंडिंग नावाच्या छोट्या छोट्या कृती सांगितल्या जातात. माणसाला डोक्यातल्या वादळातून काढून समोरच्या क्षणात, स्वतःच्या शरीरात परत आणायच्या या कृती. त्यांचा उपयोग किती, कुठे त्या उलटतात आणि त्यांच्याकडून काय मागू नये, हे इथं पाहायचं आहे.

ग्राउंडिंगचा जन्म संशयावरच्या उपचारातला नाही. अत्याचार, अपघात, युद्ध यांतून वाचलेली माणसं अचानक जुन्या प्रसंगात फेकली जातात; त्यांना ‘आज’मध्ये परत आणण्यासाठी या युक्त्या घडल्या. अमेरिकेतल्या लिसा नजाविट्स यांनी २००२ सालच्या ‘सीकिंग सेफ्टी’ या पुस्तकात त्यांची नीट मांडणी केली: काही शरीराच्या, काही मनाच्या, काही दिलाशाच्या. पुढे मोबाइलवरून त्या सर्वत्र पसरल्या. सगळ्यांत प्रसिद्ध झाली ती पाच-चार-तीन-दोन-एक. आजूबाजूच्या पाच वस्तू पाहा, चार गोष्टींना स्पर्श करा, तीन आवाज ऐका, दोन वास घ्या, एक चव. परीक्षेच्या धास्तीवर, प्रेमभंगावर आणि स्किझोफ्रेनियावरही हीच पुडी दिली जाते.

इथंच गफलत आहे. आघाताच्या आठवणीत बुडालेल्या बाईचं भोवतालाशी नातं तुटलेलं असतं, म्हणून तिला भोवताल पाहायला सांगायचं. ज्याला वाटतंय की आपल्यावर पाळत आहे, तो भोवताल आधीच गरजेपेक्षा जास्त पाहतो आहे. कोपऱ्यातला स्विचबोर्ड, समोरच्या गच्चीवरची हालचाल, दोनदा वाजलेला हॉर्न, सगळं त्यानं टिपलेलं असतं. त्याला ‘तीन आवाज ऐक’ म्हणणं म्हणजे पाळतीच्या कामावर परत पाठवणं. चौथा आवाज त्याला स्वतःच्या नावासारखा ऐकू येतो. नागपुरात उन्हाळ्यात हे फार प्रत्यक्ष घडू शकतं, कारण घराघरात डेझर्ट कूलर रात्रभर घरघरत असतो. मानसोपचाराच्या पुस्तकांत एक जुनी नोंद आहे: काही रुग्णांना पंख्याच्या किंवा वाहत्या नळाच्या खऱ्या आवाजावर स्वार होऊन बोलणं ऐकू येतं, आवाज बंद झाला की बोलणंही थांबतं. अशा माणसाला कूलरकडे लक्ष द्यायला लावू नये. पाच मिनिटं कूलर बंद करून पाहावा.

संशयाच्या वेळी म्हणून बाहेर टेहळणी करायला लावणाऱ्या कृती मागे ठेवाव्यात आणि शरीराकडे, हातातल्या कामाकडे, स्वतःच्या आवाजाकडे नेणाऱ्या पुढे आणाव्यात. तळपाय फरशीवर दाबून धरणं, भिंतीला पाठ लावून तिचा कठीणपणा जाणवू देणं, माठातल्या पाण्यानं मनगटं आणि मान ओली करणं, लसूण सोलणं, तांदूळ निवडणं, कपड्यांच्या घड्या घालणं. ही सगळी कामं घरात असतातच आणि त्यांत एक फायदा आहे. ती करताना माणूस ‘उपचार घेतोय’ असं दिसत नाही, त्यामुळे ‘माझ्यावर प्रयोग चाललाय’ ही नवी शंका उठत नाही. मोसमात संत्रं सोलायला द्यावं; सालीचा झोंबरा वास आणि बोटांचं काम दोन्ही होतं, आणि फळ त्यानं स्वतःच्या हातानं सोललेलं असल्यानं त्यात कुणी काही घातल्याचा प्रश्न उरत नाही.

कानात आवाज येत असतील तर स्वतःचा आवाज कामाला येतो. गुणगुणणं, पाढे उलटे म्हणणं, पेपर मोठ्यानं वाचणं. हा उपाय रुग्णांनीच शोधलेला आहे. संशोधकांनी तो ऐंशीच्या दशकात त्यांना विचारून लिहून घेतला, आणि नव्वदच्या दशकात निकोलस टॅरियर यांनी माणसाच्या स्वतःच्याच युक्त्या घासूनपुसून धारदार करायची उपचारपद्धती बांधली. बाहेर असताना मोबाइल कानाला लावून आवाजांना ‘आत्ता नाही, सात वाजता बोलू’ असं उत्तर देता येतं. बसमध्ये कुणी वळूनही बघत नाही. तिथं निम्मी माणसं तशीच बोलत असतात.

श्वासाचं मात्र जपून. ‘डोळे मीट, दीर्घ श्वास घे’ हा आपल्याकडचा पहिला सल्ला, पण भेदरलेल्या माणसाला डोळे मिटणं म्हणजे पहारा सोडणं वाटतं आणि आत वळलं की आवाज मोठे होतात. ब्रिटनमधले पॉल चॅडविक यांनी मनोविकारात सजगतेचा वापर करताना तो मुद्दाम बदलून घेतला: बैठक दहा मिनिटांची, कुणीतरी सतत बोलून वाट दाखवणारं, लांब शांतता नाही. आपल्याकडे याच्या नेमकं उलट करायची हौस असते. नागपूरजवळ माहुरझरीला विपश्यनेचं केंद्र आहे. दीक्षाभूमीच्या या शहरात त्या साधनेबद्दल आपुलकी असणं स्वाभाविकच. पण दहा दिवस मौनात बसण्याचं शिबिर तीव्र मनोविकारावरचा उपाय नाही. विपश्यनेच्या संस्थाही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिरापासून दूर राहायलाच सांगतात. ‘मन शांत होईल’ म्हणून पोराला फॉर्म भरून पाठवणाऱ्या काकांनी तो फॉर्म नीट वाचावा. योगासनांची गोष्ट वेगळी. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये औषधांसोबत योग करून पाहिल्याचे अभ्यास झाले आहेत आणि शरीर हलवणाऱ्या, डोळे उघडे ठेवून करायच्या आसनांना फारसा धोका दिसत नाही.

उन्हाळ्याची आणखी एक बाब, जी पुण्या-मुंबईच्या पुस्तिकांत सापडत नाही. ‘जरा चालून ये’ हा ग्राउंडिंगचा उत्तम प्रकार आहे, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर असताना तो दुपारी सांगू नये. मनोविकारावरची अनेक औषधं शरीराची उष्णता सांभाळण्याची ताकद कमी करतात, घाम अडवतात. लिथियम चालू असेल तर शरीरातलं पाणी कमी होणं थेट विषबाधेकडे नेऊ शकतं. चालणं पहाटे, पाणी सोबत, डोक्याला दुपट्टा.

हे सगळं करताना घरच्यांना एक गोष्ट फार जड जाते: वाद न घालणं. ‘अरे, शेजारचे जोशी कशाला तुझ्यावर नजर ठेवतील? त्यांना त्यांचं पुरे झालंय’ हे वाक्य प्रेमाचं आहे, खरंही आहे आणि निरुपयोगी आहे. कारण संशय तर्कातून आलेला नसतो. शितिज कपूर यांनी २००३ मध्ये मांडलेली उपपत्ती आज बरीच मानली जाते. मेंदूतलं डोपामिन कुठल्या गोष्टीला महत्त्व द्यायचं याची खूण करतं. आजारात ही खूण भलत्याच गोष्टींवर उमटू लागते. उभी असलेली पांढरी गाडी, शेजाऱ्याचा खोकला, बातमीदाराचा एक शब्द, सगळ्यांवर ‘हे तुझ्यासाठी आहे’ असा ठसा. माणूस त्या ठशाचा अर्थ लावतो, आणि लावलेला अर्थ म्हणजे पाळत. ठसा आधी, कारण मागून. मग कारण खोडून काय होणार? लंडनमध्ये फिलिपा गॅरेटी आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली मण्यांचा प्रयोग केला. दोन बरण्या, एकीत एका रंगाचे ८५ मणी आणि दुसऱ्या रंगाचे १५, दुसरीत उलट. एकेक मणी काढून दाखवायचा आणि बरणी कोणती ते ओळखायला सांगायचं. भ्रम असलेल्यांपैकी बरेच जण एखाददुसऱ्या मण्यावरच खात्रीनं उत्तर देत. संशयी माणूस मूर्ख नसतो. त्याला निकालाची घाई असते. नाल्याला पूर आला की वऱ्हाडातला शेतकरी पाण्याशी भांडत नाही, अलीकडे बैलगाडी सोडून बसतो. ग्राउंडिंगचं काम तेवढंच: निकाल लांबवणं, पाणी ओसरेपर्यंत माणसाला काठावर ठेवणं. भ्रम त्यानं जात नाही.

वाद घालायचा नाही म्हणजे होकार द्यायचा असंही नाही. ‘हो रे, जोशी तसेच आहेत’ म्हटलं की संशयाला साक्षीदार मिळाला. मधली वाट आहे ती भीतीला दुजोरा देण्याची: ‘मला काही ऐकू आलं नाही, पण तुला फार भीती वाटून राहिली हे दिसतंय. मी इथंच बसते.’ समोर उभं राहून नव्हे, बाजूला बसून. दार अडवू नये. अचानक खांद्यावर हात ठेवू नये. आणि बाजूच्या खोलीत जाऊन मामाला हळू आवाजात फोन लावू नये, कारण ती कुजबुज खरी असते आणि त्याच्याबद्दलच असते.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल घरोघरी मौन आहे. औषध घेत नाही म्हणून चहात किंवा वरणात थेंब मिसळून देण्याची. कित्येक घरांत हे चालतं, सुचवणारेही भेटतात. आईची अगतिकता समजते. पण परिणाम पाहा: ज्याचा भ्रम ‘माझ्या जेवणात काहीतरी घालतात’ हा आहे, त्याच्या जेवणात खरोखरच काहीतरी घातलं जातं. कधीतरी बाटली सापडते. त्या दिवशी संशय सिद्ध होतो, आणि घरातलं एकमेव विश्वासाचं माणूस आरोपी ठरतं. त्यानंतर कुठली फरशी आणि कुठलं संत्रं! २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा संमतीवर उभा आहे. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर मदतीनं दाखल करून उपचार देण्याची उघड आणि ठरलेली पद्धत त्यात आहे. रोजची गोळी हाच झगडा असेल तर काही औषधं महिन्याच्या इंजेक्शनातही मिळतात. डॉक्टरांना हे विचारण्यात संकोच कसला?

जेवणावरच्या संशयाला आया स्वतःच एक तोड काढतात: आधी आपण घास खायचा. पहिल्या दिवशी ते ठीक; माणूस उपाशी राहण्यापेक्षा बरं. पण महिनाभर आई चाखत राहिली तर पोराचा समज पक्का होतो की आई चाखते म्हणूनच आपण जिवंत आहोत. ऑक्सफर्डचे डॅनियल फ्रीमन गेली पंचवीसेक वर्षं संशय कशानं टिकतो या प्रश्नामागे आहेत. खिडक्या लावणं, फोन बंद ठेवणं, बाहेर न जाणं, कुणाच्या डोळ्यांत न बघणं ही सारी बचावाची वागणूक संशयाला जिवंत ठेवते, कारण धोका नव्हताच हे कळायची संधीच ती देत नाही. ग्राउंडिंगही या खात्यात जमा होऊ शकतं. ‘हातात लसूण होता म्हणून त्यांनी मला काही केलं नाही’ असं वाटू लागलं की समजावं, युक्तीचा ताईत झाला. तेव्हा ती हळूहळू सोडायची असते.

फ्रीमन यांच्या कामातून आलेली आकडेवारी आशा देणारी आहे आणि नम्र करणारीही. २०१५ मध्ये त्यांनी १५० रुग्णांत भ्रमाला हातही न लावता फक्त काळजी करण्याच्या सवयीवर सहा बैठकांत काम केलं. छळाचे भ्रम कमी झाले. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात निद्रानाशावर ऑनलाइन उपचार केले. झोप सुधारली तशी संशयाची पातळीही उतरली. २०२१ मध्ये ‘फीलिंग सेफ’ नावाचा त्यांचा सहा महिन्यांचा कार्यक्रम १३० रुग्णांत तपासला गेला आणि तो घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे चिवट छळभ्रमातून बाहेर आले. त्यात माणूस खिडकी थोडी उघडतो, कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, आणि काही झालं नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. या सगळ्यांत ग्राउंडिंग कुठं आहे? दुकानात जाताना पाय लटपटू नयेत म्हणून खिशात असतं, एवढंच. एकट्या ग्राउंडिंगनं संशय बरा होतो असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. ज्या घरात रात्री दोनपर्यंत मोबाइल चालतो, तिथं आधी झोपेची शिस्त लावावी. पायाखालची फरशी मागाहून दाबता येईल. गांजा ओढणाऱ्याला पहिला सल्ला: गांजा बंद.

गोळी चालू असताना एखादा सारखा येरझाऱ्या घालतो, बसू म्हटलं तरी बसवत नाही, पाय आतून ओढले जातात म्हणतो. घरचे समजतात, संशय वाढला, आणि त्याला श्वास मोजायला बसवतात. पुष्कळदा हा औषधाचाच दुष्परिणाम असतो, अकॅथिझिया नावाचा. त्याचा इलाज डोस बदलणं, आणि तो डॉक्टरचा प्रांत. स्वतःहून गोळी तोडून टाकणं हा त्यावरचा सर्वांत वाईट मार्ग.

सगळा संशय आजार असतो असंही मानू नये. फ्रीमन यांनीच २००८ मध्ये दोनशे साध्या लंडनकरांना मेट्रोच्या डब्याचं आभासी दृश्य दाखवलं होतं. डब्यातली चित्रातली माणसं काहीच करत नव्हती, तरी चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना त्यांच्यात काहीतरी वैर दिसलं. आणि कधी कधी वैर खरंच असतं. १७ मार्च २०२५ च्या नागपुरातल्या हिंसाचारानंतर महाल परिसरात संचारबंदी असताना कुणी रात्रभर दाराला कान लावून बसला असेल, तर त्याला रुग्ण ठरवण्याआधी बाहेर काय चाललं होतं ते विचारावं लागेल. जातीवरून किंवा धर्मावरून भाड्याचं घर नाकारलं गेलेल्या माणसाला ‘शेजारी आपल्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात’ असं वाटत असेल तर त्यात भ्रम कोणता? शहरभर चौकाचौकांत सीसीटीव्ही लागल्यावर ‘कॅमेरे माझ्याकडे बघतात’ हे विधानही अर्धं खरं झालं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी, म्हणजे ‘माझ्याकडेच’ यासाठी, उपचार लागतात. वाद घालू नये याचं हेही एक कारण: वादात आपण खऱ्या अर्ध्यालाही नाकारतो आणि विश्वास गमावतो.

घरातल्या म्हाताऱ्यांचा संशय हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. ‘सून माझे पैसे काढते’, ‘मी आले की सगळे कुजबुजतात’. यामागे कधी स्मृतिभ्रंश असतो, कधी लघवीतल्या जंतुसंसर्गानं अचानक आलेलं भ्रमिष्टपण, आणि कितीदा तरी केवळ बहिरेपण. १९८१ साली फिलिप झिम्बार्डो आणि सहकाऱ्यांनी संमोहनानं काही तरुणांना तात्पुरतं कमी ऐकू येईल असं केलं, आणि त्याचं कारण त्यांना आठवणार नाही अशीही व्यवस्था केली. धडधाकट तरुण काही वेळातच इतरांबद्दल संशयी आणि चिडके झाले. आजीला श्रवणयंत्र घेऊन देणं हे त्या घरातलं सर्वांत उत्तम ग्राउंडिंग ठरू शकतं.

हे सारं करायचं कुणी? देशात लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत डॉक्टरकडून तासभर संभाषणाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. वाट दुसरीकडून निघते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना घरी जाऊन साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी मदत करायची, हा प्रयोग गोवा, तमिळनाडू आणि आपल्या साताऱ्यात झाला. साताऱ्यात तो डॉ. हमीद दाभोलकरांच्या ‘परिवर्तन’नं चालवला. २८२ रुग्णांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा लक्षणांत आणि अपंगत्वात थोडी जास्त सुधारणा. थोडीच, पण ती घडवणारे डॉक्टर नव्हते. कॅल्गरीत प्राध्यापक असलेल्या धुळ्याच्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या आजारातून शिकून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली; तिथं शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे आजारी माणूस आणि त्याला सांभाळणारा, दोघांचेही गट बसतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ त्यांच्याच पाठबळावर झाला. अतुल कुलकर्णींनी उभा केलेला त्यातला शेष पाहून अनेक घरांना पहिल्यांदा कळलं की आपल्याकडे जे चाललंय त्याला नाव आहे. अशा गटांत ग्राउंडिंग शिकवावं लागत नाही. ‘माझा भाऊ अशा वेळी सायकल पुसतो’ असं कुणीतरी सांगतं, दुसरी घरी जाऊन करून बघते. विदर्भात असे गट फार थोडे आहेत आणि ही उणीव नव्या इमारतींनी भरून निघणार नाही.

तोवर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सेवा फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतून बोलता येतं. माणसानं चार घास खाणंही बंद केलं, आवाज त्याला कुणाला मारायची किंवा स्वतः मरायची आज्ञा देऊ लागले, उशाशी सुरी दिसली, बायकोवरच्या संशयानं दारूच्या जोडीनं हात उगारला, तर मात्र फरशी, पाढे, संत्रं सगळं बाजूला. घरातल्या बाकीच्यांनी सुरक्षित जागी जावं आणि ११२ लावावा. अशा माणसाला दवाखान्यापर्यंत पोचवणं २०१७ च्या कायद्यानं पोलिसांचंही कर्तव्य केलं आहे.

याच कायद्याच्या पाचव्या कलमाचा उपयोग आपल्याकडे जवळजवळ कुणी करत नाही. बरं असताना माणूस लिहून ठेवू शकतो की पुन्हा आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत. चौदाव्या कलमानुसार आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधीही नेमू शकतो. तातडीच्या उपचारांना हे लेखी निर्देश लागू होत नाहीत, पण एरवी डॉक्टरांनी ते पाळायचे असतात. त्या कागदाला जोडून घरासाठी एक पान वेगळं लिहावं, साध्या भाषेत: मला कोणत्या औषधानं त्रास झाला होता; रात्री संशय चढला तर कुणी जवळ बसावं आणि कुणी बसू नये; कूलर बंद करा; ताईला बोलवा, मामाला नको; हातात निवडायला तांदूळ द्या; जेवणात काही मिसळू नका, गोळी हातावर ठेवा, मी नाही म्हटलं तर दहा मिनिटांनी पुन्हा विचारा. त्या पानाची एक प्रत डॉक्टरच्या फाइलला, एक प्रतिनिधीकडे, आणि एक त्याच्या स्वतःच्या पाकिटात असावी.